क्रियाविशेषणाची जागा: वाक्यात आणि नामपदबंधात

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठीत शब्दक्रम बराच मोकळा आहे, मग क्रियाविशेषणाला वाक्यात ठरलेली जागा आहे का? आणि ‘काल’, ‘फार’, ‘फक्त’, ‘अचानक’ असे शब्द नामाच्या आधी येतात तेव्हा ते त्या नामाचे विशेषण बनतात, की क्रियाविशेषणच राहतात? व्याकरण शिकवताना आणि इतरांचे लेखन संपादित करताना हे दोन्ही प्रश्न माझ्यासमोर सतत येत आले आहेत, आणि माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. क्रियाविशेषण आपल्या उजवीकडे पाहते आणि ज्याच्याशी त्याचा अर्थ जुळू शकेल असे जे पहिले पद भेटेल त्याला धरते. ते किती मोठ्या भागाला धरते, म्हणजे त्याची व्याप्ती किती, यावर त्याची जागा ठरते. जागांची यादी पाठ करून हा विषय कळत नाही. व्याप्ती ओळखता आली की जागा आपोआप सुचते.

शालेय व्याकरणात क्रियाविशेषणांचे वर्ग अर्थावरून केलेले असतात: कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक इत्यादी. हे वर्गीकरण चुकीचे नाही, पण जागेबद्दल ते फारसे काही सांगत नाही. जागेसाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हा शब्द कशाविषयी बोलतो आहे? संपूर्ण विधानाविषयी, घडलेल्या घटनेविषयी, क्रिया करण्याच्या रीतीविषयी, की केवळ शेजारच्या विशेषणाविषयी? वाक्याला लागणारी आणि क्रियेला लागणारी क्रियाविशेषणे वेगळी मानली पाहिजेत ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेन्डॉफ यांनी 1972 मध्ये इंग्रजीच्या संदर्भात सविस्तर केली, आणि मराठीलाही ती उत्तम लागू पडते.

‘बहुधा मीना आज ग्रंथालयात मन लावून वाचत असेल’ हे वाक्य घ्या. ‘बहुधा’ हा बोलणाऱ्याचा अंदाज आहे आणि तो पूर्ण विधानाला लागतो. ‘आज’ आणि ‘ग्रंथालयात’ हे शब्द घटनेला काळ आणि स्थळ देतात. ‘मन लावून’ केवळ वाचण्याविषयी आहे, म्हणून ते क्रियापदाला खेटून बसले आहे. मोठ्या व्याप्तीचा शब्द डावीकडे, लहान व्याप्तीचा उजवीकडे, असा हा उतरता क्रम आहे. ‘आज’ आणि ‘ग्रंथालयात’ यांची अदलाबदल सहज चालते, कारण दोघांची व्याप्ती जवळजवळ सारखी आहे. पण ‘मीना मन लावून बहुधा आज ग्रंथालयात वाचत असेल’ असे लिहिले की वाचक अडखळतो, कारण लहान व्याप्तीच्या शब्दाने मोठ्या व्याप्तीच्या शब्दाला ओलांडले आहे. निरनिराळ्या भाषांतील क्रियाविशेषणांचा परस्परक्रम मोठ्या प्रमाणात सारखा असतो, असे गुल्येल्मो चिंक्वे यांनी 1999 मध्ये मांडले. त्या क्रमाचे कारण वाक्यरचनेत आहे की अर्थात, यावर भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मला अर्थाची बाजू अधिक पटते, कारण मराठीत क्रम मोडला तरी वाक्य सहसा अशुद्ध होत नाही. ते वेगळ्या अर्थाचे किंवा वेगळ्या जोराचे होते.

वाक्याला लागणारा शब्द मध्ये सरकवला तर नेमके हेच घडते. ‘मीना आज बहुधा ग्रंथालयात वाचत असेल’ या वाक्यात मीना आज वाचते आहे हे जणू गृहीत धरले जाते आणि शंका स्थळापुरती उरते. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘नक्कीच’, ‘खरोखर’ हे शब्द ज्याच्या लगेच आधी ठेवावेत त्यावर प्रकाश पडतो. म्हणून लिहिताना ‘कदाचित’ हा शब्द सवयीने वाक्यारंभी टाकून मोकळे होऊ नये. शंका नेमकी कशाची आहे ते आधी ठरवावे आणि मग त्याच्या आधी तो शब्द ठेवावा.

रीतिवाचक शब्द क्रियापदाजवळ असतो, हे विधान कर्म असलेल्या वाक्यात थोडे सुधारून घ्यावे लागते. ‘तिने काळजीपूर्वक पत्र लिहिले’ आणि ‘तिने पत्र काळजीपूर्वक लिहिले’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, परंतु ती एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. पहिल्यात ‘पत्र लिहिणे’ ही एकसंध क्रिया आहे आणि कोणते पत्र हा मुद्दा नाही. दुसऱ्यात पत्र आधीच ठाऊक असलेले आहे आणि नवी माहिती लिहिण्याच्या रीतीची आहे. कर्म निश्चित झाले की ते डावीकडे सरकते, म्हणूनच ‘तिने ते पत्र काळजीपूर्वक वाचले’ हा क्रम स्वाभाविक वाटतो आणि ‘तिने काळजीपूर्वक ते पत्र वाचले’ म्हणताना ‘ते’वर जोर द्यावा लागतो. याउलट अनिश्चित कर्म क्रियापदाला चिकटून राहते: ‘तो दिवसभर शांतपणे चित्रे काढतो.’ या वाक्यात ‘चित्रे शांतपणे काढतो’ असे केले की इतर काही तो शांतपणे करत नाही असा ध्वनी येऊ लागतो. म्हणजे येथे स्थान क्रियाविशेषण बदलत नाही, कर्म बदलते, आणि आपल्याला मात्र क्रियाविशेषण हलल्यासारखे दिसते.

मराठी वाक्यात क्रियाविशेषणाला खरोखर बंद असलेली जागा एकच आहे, आणि तिची चर्चा फारच कमी होते. मुख्य क्रियापद आणि सहायक क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण शिरू शकत नाही. ‘तो नेहमी जात असतो’ म्हणता येते, ‘तो जात नेहमी असतो’ म्हणता येत नाही. संयुक्त क्रियापदात तर हे फार स्पष्ट दिसते. ‘त्याने काल पत्र लिहून टाकले’ यात ‘टाकले’ला स्वतःचा अर्थ नाही, ते काम उरकल्याचा भाव देते. आता ‘त्याने पत्र लिहून काल टाकले’ असे म्हणा. ताबडतोब ‘टाकले’ हे स्वतंत्र क्रियापद होते आणि वाक्य टपालपेटीत टाकल्याचे बनते. एका शब्दाच्या प्रवेशाने संयुक्त क्रियापद फुटले. संयुक्त क्रियापद ओळखण्यासाठी मी विद्यार्थ्यांना हीच कसोटी देतो. ‘च’, ‘तर’, ‘ही’ यांना मात्र येथे मुभा आहे: ‘लिहूनच टाकले’, ‘बोलत तर होता’. ते पदाला लगटून येतात, क्रियेचे वर्णन करत नाहीत, म्हणून त्यांना अडवले जात नाही. इंग्रजीत वारंवारता सांगणारे क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाच्या आधी येते, तर फ्रेंचमध्ये काळ दाखवणारे क्रियापदच क्रियाविशेषणाच्या आधी जाऊन बसते. या फरकावरून जाँ-इव्ह पोलॉक यांनी 1989 मध्ये क्रियापद कुठपर्यंत सरकते याचा सिद्धांत मांडला. मराठीत क्रियापद शेवटी असल्याने त्या कसोटीचा उपयोग होत नाही, आणि इंग्रजी व्याकरणातील ‘मधली जागा’ (कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्यामधली) ही कल्पना मराठीवर लादली की गोंधळच वाढतो.

व्याप्तीचा सर्वांत सुंदर नमुना ‘पुन्हा’ या शब्दात सापडतो. ‘तिने दार पुन्हा उघडले’ याचे दोन अर्थ होतात. एक, तिने आधीही दार उघडले होते आणि आता दुसऱ्यांदा उघडले. दुसरा, दार आधी उघडे होते, ते कोणीतरी किंवा वाऱ्याने बंद झाले, आणि तिने ते पूर्वीच्या स्थितीत आणले. तिने स्वतः ते पूर्वी कधी उघडलेले असेलच असे नाही. पण ‘पुन्हा तिने दार उघडले’ असे म्हटले की दुसरा अर्थ जवळजवळ नाहीसा होतो. कर्त्याच्या डावीकडे गेलेला ‘पुन्हा’ कर्त्यासकट संपूर्ण घटना व्यापतो, आणि क्रियापदाजवळचा ‘पुन्हा’ केवळ परिणामस्थितीला लागू शकतो.

नकार आला की व्याप्तीचा प्रश्न अधिक टोकदार होतो. ‘तो रागाने बोलला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘राग आल्यामुळे तो गप्प राहिला’ असा होतो आणि ‘तो बोलला, पण त्यात राग नव्हता’ असाही होतो. पहिल्या अर्थात ‘रागाने’ने नकाराला पोटात घेतले आहे, दुसऱ्यात नकाराने ‘रागाने’ला. बोलताना सूर मदतीला येतो, छापील मजकुरात तो नसतो. ‘रागाने तो बोललाच नाही’ असे लिहिले तर पहिला अर्थ पक्का होतो. दुसऱ्यासाठी ‘तो बोलला, पण रागाने नव्हे’ असे सरळ म्हणावे. ‘मुद्दाम’चेही असेच आहे: ‘तो मुद्दाम आला नाही’ म्हणजे न येणे हेतुपूर्वक होते असे आपण सहसा समजतो, तर ‘तो मुद्दाम नाही आला, सहज आला’ यात नकार फक्त हेतूचा आहे. नियम, सूचना आणि करार लिहिणाऱ्यांनी तरी रीतिवाचक शब्द आणि नकार एकाच वाक्यात एकत्र आले की थांबून ते वाक्य दोनदा वाचावे.

क्रियापदानंतरची जागा, ‘तो आला काल’, ‘येईल तो बहुधा’, ही बोलण्यातली आहे. जे सांगायचे राहिले किंवा जे श्रोत्याला बहुतेक ठाऊक आहे ते तेथे जाते. काळ आणि अंदाज तेथे सहज चालतात. रीतिवाचक शब्द तेथे गेला तर वाक्याला काव्यात्म हेल येतो. माहितीपर गद्यात ही जागा टाळलेली बरी.

आता नामपदबंधाकडे, म्हणजे नाम आणि त्याला जोडून येणाऱ्या शब्दांच्या गटाकडे, वळू. येथे एका उदाहरणाने सुरुवात करतो, कारण त्यात सगळा विषय सामावला आहे: ‘तिने चांगली कविता वाचली’ आणि ‘तिने कविता चांगली वाचली’. शब्द तेच, रूपे तीच, ‘चांगली’चे लिंग आणि वचनही तेच. पहिल्यात कविता चांगली आहे, दुसऱ्यात वाचन चांगले आहे. नामाच्या आधी असलेले ‘चांगली’ नामपदबंधाच्या आत आहे, म्हणून विशेषण. नामाच्या नंतर आलेले त्या पदबंधाच्या बाहेर पडले आहे, म्हणून ते क्रियेकडे वळते. हे दुसरे ‘चांगली’ कर्माप्रमाणे बदलते, म्हणून ते अव्यय नाही, तरीही काम क्रियाविशेषणाचेच करते. ‘क्रियाविशेषण’ आणि ‘क्रियाविशेषण अव्यय’ या संज्ञा सरसकट एकच मानू नयेत असे व्याकरणकार सांगतात ते यासाठीच. ‘तिने कविता नीट वाचली’ मधील ‘नीट’ अव्यय आहे; दोघांचे स्थान आणि कार्य सारखे आहे, फरक रूपाचा आहे.

मग खरे क्रियाविशेषण नामपदबंधाच्या आत कधी येते? माझे उत्तर असे की त्याला तेथे धरायला काहीतरी असले पाहिजे: विशेषण, संख्या, धातुसाधित (‘लिहिलेले’, ‘चालणारी’ असे क्रियापदापासून बनलेले रूप) किंवा घटना सुचवणारे नाम. ‘अचानक बदल’, ‘एकदम वाढ’ हे प्रयोग कानाला चालतात, कारण बदल आणि वाढ घडत असतात. ‘अचानक खुर्ची’ चालत नाही, कारण खुर्ची घडत नाही. वस्तुवाचक नामापाशी क्रियाविशेषणाला न्यायचे असेल तर मध्ये प्रत्यय किंवा धातुसाधित लागते.

तो प्रत्यय म्हणजे ‘चा’ किंवा ‘ला’. ‘काल’ पासून ‘कालचे पत्र’, ‘नेहमी’ पासून ‘नेहमीचा रस्ता’, ‘इथे’ पासून ‘इथली माणसे’, ‘आत’ पासून ‘आतली खोली’. कालवाचक आणि स्थलवाचक शब्दांना ही सोय मिळते. ‘हळूचा’, ‘पटकनची’ अशी रूपे मात्र मराठीत होत नाहीत. हा योगायोग नव्हे. वस्तूला काळ आणि स्थळ असू शकते, पण रीत फक्त क्रियेला असते, म्हणून रीतिवाचक शब्द धातुसाधिताचा आधार घेऊनच नामापर्यंत पोहोचतो: ‘हळू चालणारी गाडी’, ‘पटकन सुचलेले उत्तर’. ‘चा’ लागलेले हे शब्द मग विशेषणासारखे वागतात, आणि दर्शक सर्वनामाच्या दोन्ही बाजूंना बसू शकतात: ‘ते कालचे पत्र’ आणि ‘कालचे ते पत्र’.

संपादकाला सर्वाधिक काम देणारी जागा धातुसाधितापाशी आहे. ‘त्याने काल लिहिलेले पत्र टाकले.’ पत्र काल लिहिले, की काल टाकले? मराठी वाचक जवळजवळ नेहमी पहिला अर्थ घेतो, कारण ‘काल’च्या उजवीकडे ‘लिहिलेले’ हे पहिले क्रियावाचक रूप उभे आहे. लेखकाच्या मनात दुसरा अर्थ असेल तर त्याचा ‘काल’ नामपदबंधाने गिळला. बातम्यांच्या भाषेत हे वारंवार होते: ‘सोमवारी पकडलेल्या संशयितांची सुटका करण्यात आली.’ सोमवार पकडण्याचा की सुटकेचा, हे वाक्य सांगत नाही असे बातमी लिहिणाऱ्याला वाटत नाही, कारण त्याला घटना ठाऊक असते. उपाय सोपा आहे. मुख्य क्रियेचे क्रियाविशेषण पूर्ण नामपदबंधाच्या पलीकडे ठेवावे: ‘पकडलेल्या संशयितांची सोमवारी सुटका करण्यात आली.’ स्वल्पविरामाने काम भागेल असे काहींना वाटते, पण ‘सोमवारी, पकडलेल्या संशयितांची’ हा स्वल्पविराम वाचताना सहज सुटतो. शब्दाची जागा बदलणे विरामचिन्हापेक्षा नेहमी भरवशाचे असते. ‘ऊन’ प्रत्ययाच्या रचनेतही असेच पाहावे: ‘हळूच दार उघडून तो आत आला’ यात हळूच उघडणे आहे, ‘दार उघडून तो हळूच आत आला’ यात हळूच येणे आहे.

विशेषणाच्या आधी येणारे परिमाणवाचक शब्द वरवर निरुपद्रवी दिसतात. ‘अत्यंत कठीण प्रश्न’ यात कसलीच अडचण नाही, कारण ‘अत्यंत’ला नाम धरताच येत नाही. पण ‘खूप जुनी पुस्तके’ म्हणजे पुष्कळ पुस्तके, की अतिशय जुनी पुस्तके? ‘खूप’ आणि ‘फार’ संख्या किंवा प्रमाणही सांगतात आणि विशेषणाची तीव्रताही. एकवचनी नाम घेतले की द्व्यर्थ संपतो, ‘खूप जुने पुस्तक’ एकाच अर्थाचे आहे. अनेकवचनात मात्र ‘पुष्कळ जुनी पुस्तके’ किंवा ‘अतिशय जुनी पुस्तके’ असा स्पष्ट शब्द निवडावा. यापुढची एक गंमत अशी की काही तीव्रतादर्शक शब्द विशेषणाचे काम वाढवत असूनही नामाशी जुळतात: ‘चांगला लांब दोर’, ‘चांगली मोठी खोली’, ‘केवढे उंच झाड’, ‘इतकी लहान मुले’. येथे ‘चांगली’ खोलीचा चांगुलपणा सांगत नाही, तिचा मोठेपणा वाढवते, आणि तरीही स्त्रीलिंगी रूप घेते. केवळ रूप पाहून हे विशेषण आहे की क्रियाविशेषण हे ठरवण्याचा प्रयत्न करणाऱ्याची येथे निराशाच होते. शब्द कोणाला धरतो हेच पाहावे लागते.

‘फक्त’, ‘केवळ’ हे शब्द नामपदबंधाच्या आत जात नाहीत, त्याच्या उंबऱ्यावर उभे राहतात. ‘फक्त ती तीन मुले’ म्हणता येते, ‘ती फक्त तीन मुले’ म्हटले की त्याचा अर्थ ‘ती मुले केवळ तीनच आहेत’ असा विधानाकडे झुकतो, आणि ‘तीन फक्त मुले’ हे तर होतच नाही. हा शब्द संपूर्ण वाक्यात फिरवून पाहण्यासारखा आहे: ‘फक्त मीनाने पुस्तक वाचले’, ‘मीनाने फक्त पुस्तक वाचले’, ‘मीनाने पुस्तक फक्त वाचले’. तीन जागा, तीन वेगळी विधाने. काही व्याकरणे ‘फक्त’ला ‘च’ आणि ‘मात्र’ यांच्या जोडीने शब्दयोगी अव्ययांत बसवतात. अर्थाने ते योग्य आहे, पण ‘च’ पदाच्या शेवटी लागतो आणि ‘फक्त’ आधी येतो, त्यामुळे जागेच्या दृष्टीने ही दोन वेगळी साधने आहेत. ‘सुमारे’, ‘किमान’, ‘जवळजवळ’ हे शब्द याच्या उलट अगदी आत जातात आणि संख्येला चिकटतात: ‘ती सुमारे पन्नास माणसे’.

राहतो तो क्रियावाचक नामांचा प्रश्न. ‘त्याचे वारंवार येणे’ हे निर्दोष आहे. ‘येणे’ नाम झाले असले तरी त्याच्या आत क्रिया जिवंत आहे, म्हणूनच ‘पुस्तक काळजीपूर्वक वाचणे’ यात कर्मही विभक्तीशिवाय तसेच राहते. ‘वाचन’ या नामात ती क्रिया गोठलेली आहे: कर्माला ‘पुस्तकाचे’ व्हावे लागते, आणि क्रियाविशेषणाऐवजी ‘सखोल’, ‘नियमित’ अशी विशेषणे अधिक शोभतात. तरीही ‘त्याने पुस्तकाचे काळजीपूर्वक वाचन केले’ हे वाक्य खटकत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. ‘पूर्वक’ लागलेले शब्द मराठीत विशेषण आणि क्रियाविशेषण अशा दोन्ही भूमिका घेतात; शिवाय ‘वाचन करणे’ हे मिळून एक क्रियापद असल्याने क्रियाविशेषण त्या अखंड क्रियापदाला लागू शकते. ‘करणे’ काढून टाकले की हा दुसरा आधार जातो. म्हणून ‘हळूहळू वाचन केले’ चालते, पण ‘त्याचे हळूहळू वाचन मला आवडते’ येथे जाणकार कान थबकतो आणि ‘त्याचे हळूहळू वाचणे’ असे सुधारून घेतो.